वाढीव पट्टी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

काम झालं. उखळी तोफांच्या गोळ्यांची ऑर्डर तुझ्या ओतकाम कारखान्याला मिळाली. कागद आठवड्याभरात हातात पडेल. माझा यात हात नाही हे आधीच सांगतो, सगळ्यांत कमी दर तुझाच होता. उगाच कुणी बोट दाखवू नये म्हणून बैठक चालू असताना मी व्हरांड्यात जाऊन बसलो होतो. चहासुद्धा तिथेच प्यालो.

लढाई नाही, काही नाही, मग एवढे गोळे कशाला, असं तू मागे विचारलं होतंस. लढाई होऊ नये म्हणून, हे लोकांना सांगायचं कारण. आमच्या अर्थखात्याला दुसरं कारण जास्त आवडतं. सैन्यावर खर्च केलेला पैसा तोफेत जात नाही, माणसांच्या खिशात जातो. तुझा भट्टीवाला पगार घेईल आणि मुलाला बूट घेईल. बूटवाला घर रंगवून घेईल, रंगारी सायकल घेईल. एकाचे दीड होतात. मंत्रीसाहेबांकडून हे मी घोकून घेतलंय. आता ते जेवतानाही तेच बोलतात.

दाजींची पट्टी टेबलावर असते. कुणी आलं की मी खिडकीच्या काचेची गोष्ट सांगतो. तुमच्याकडे राहायला आलो त्याच वर्षी शहाणपणा करून मी त्या पट्टीने चौकट मोजली आणि दुकानदाराच्या साध्या पट्टीने तेवढी काच कापून आणली, आणि ती चौकटीतून निसटून सरळ अंगणात. मी रडत म्हणालो होतो, पट्टी खोटी आहे. दाजी हसून म्हणाले, खोटी नाही रे, वाढीव आहे. ओतलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून साचा मुळातच जरा मोठा करायचा, त्यासाठी या पट्टीवरचा प्रत्येक इंच जरा मोठा. काच थोडीच आकसते? ऐकणारे पोट धरून हसतात.

एक सांगायचं राहिलं. आता तुमच्या गावाबद्दल वर्तमानपत्रांत काही छापून येणार नाही. गोळ्यांच्या गावांची बातमी द्यायची नाही, असा आमचाच नियम आहे. खारूला म्हणावं, मामाला विसरू नकोस.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ऑर्डर आली, पेढी खूश, बँकेचा मॅनेजर चक्क उठून उभा राहिला. भट्ट्या दोन्ही पाळ्यांत चालू आहेत. सैन्याचा एक तपासनीस येऊन बसलाय. तो प्रत्येक गोळ्यावर टिचकी मारतो आणि कान लावतो, जणू आतून कुणी ओ देणार आहे.

तुझं दिडीचं गणित इथं असं चाललंय. मी पगार वाढवले. दुधाचा भाव त्याहून वाढला, कारण गावात नोटा आल्या, म्हशी नाही आल्या. माझे सगळ्यांत चांगले दोन साचेवाले मोठ्या शस्त्रागारात पळाले, तिथं सरकार माझ्यापेक्षा जास्त देतं. म्हणजे तू एका हाताने मला काम देतोस आणि दुसऱ्या हाताने माझी माणसं नेतोस. रागावू नकोस, चेष्टा करतेय.

आता कामाचं. गावाला पाणी देणाऱ्या पंपाच्या पोटातला पंखा तडकला आहे. तो गनमेटलचा असतो, तांबं आणि कथील मिळून. लाकडी साचा दाजींच्या वेळचा तयार आहे. भट्टी माझी, माणसं माझी. धातू मात्र तुमच्या वाटप समितीकडून यायला हवा. पाणीखात्याने अर्ज केलाय, तो तुझ्याच टेबलावर आला असेल. एका पंख्याला लागतो तेवढाच धातू मागितलाय. गनमेटल असं नाव वाचून समितीला वाटायचं की हे तोफांचंच आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

खारू दवाखान्यात पाणी उकळून उकळून दमते. नर्सचं काम करायला गेले आणि आचारी झाले, म्हणते. कोळसासुद्धा आता मोजून मिळतो, तोही तुमच्याच कृपेने.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,

अर्ज पाहिला. तुझ्या गावाचा म्हणून मी तो मुद्दाम गठ्ठ्यात सगळ्यांच्या खाली ठेवला आणि पाळी आल्यावरच वाचला. बहिणीचा कारखाना म्हणून माझ्या हातून सवलत झाली असती तर उद्या मीच माझ्या नजरेतून उतरलो असतो. दाजींनी हेच शिकवलं.

तांबं आणि कथील सध्या गोळ्यांच्या टोप्यांना राखून ठेवलंय. देशभरातून असे अर्ज येताहेत, कुणाला पंखा हवा, कुणाला दवाखान्याचे नळ, कुणाला शेतीची अवजारं. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. अर्जावर मी लिहिलं तेच तुला लिहितो: कारणं रास्त आहेत. तूर्त शक्य नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. 'तूर्त' म्हणजे कायमचं नव्हे. पंख्याला ठिगळ लावून बघा.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

ठिगळ लावलं. ते दोन दिवसही टिकलं नाही. पंप बंद आहे. लोक नदीचं पाणी आणतात, आणि नदीच्या वरच्या अंगाला कामगारांची नवी वस्ती आहे, जिला संडास बांधायचे पैसेही तूर्त नाहीत. जुलाब-उलट्यांची माणसं दवाखान्यात यायला लागली. डॉक्टर पटकीचं नाव घेत नाहीत, पण खारू घेते.

तुझ्याशी वाद घालायला मी शिकलेली नाही, पण एवढं कळतं. पंप विकला की त्याचं काम सुरू होतं. तो पुढची वीस वर्षं पाणी ओढतो, त्या पाण्यावर माणसं जगतात, कामाला जातात, धंदे चालतात. गोळा विकला की त्याचं काम संपतं. तो कोठारात बसून राहतो, आणि नशीब चांगलं असेल तर बसूनच गंजतो. पगार दोन्हींचा सारखाच, बूटवाला दोन्हींकडून बूट विकतो. मग तुझ्या दिडीत हा फरक कुठे लिहितोस?

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तुझ्या कॉलेजसाठी दाजींनी लेथ विकलं, तेव्हाही बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. धातू दे.

ताई


२७ मार्च

ती. ताईस,

अर्थसंकल्पाचे दिवस, म्हणून थोडक्यात. दुसरा अर्जही आला. सहा आठवड्यांनी पुन्हा विचार करू, असं लिहून परत पाठवलाय. तूर्त शक्य नाही.

लेथचं तू काढलंस ते लागलं. त्या उपकाराची फेड सरकारी धातूने करायची नसते, हे तूही जाणतेस. आणि रोगराईबद्दल पत्रात लिहू नकोस, उगाच अफवा होतात. खारूला उकळलेलंच पाणी पी म्हणावं.

तुझा,
धाकटा


९ एप्रिल
(हे पत्र टाकायचं नाही)

धाकट्या,

खारू गेली. दुपारी दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी घरी आली, बसली, म्हणाली, आई, जरा पडते. दुसऱ्या दिवशी उजाडताना संपली. दुसऱ्यांचं पाणी उकळत राहिली आणि कधीतरी दमून स्वतः तसंच प्याली असेल. पाणी उकळायला कोळसा नव्हता, पंख्याला धातू नव्हता, गोळे मात्र माझ्या अंगणात छातीएवढे रचून ठेवलेत.

सुताराकडे लाकूडही उरलं नव्हतं, माणसं पुरायला एवढ्या पेट्या लागल्या. दाजींनी साच्यांसाठी सुकवून ठेवलेल्या फळ्या मी काढून दिल्या. खारूची उंची मला ठाऊक होती, फळ्यांवर खुणा मीच केल्या. केल्यावर लक्षात आलं की हातात कारखान्यातली वाढीव पट्टी होती. पेटी मोठी झाली. सुतार म्हणाला, कापून बारीक करतो. मी म्हटलं, राहू दे. लेकरू आखडून झोपायचं नेहमी, आता पाय पसरील.

तुला कळवायला म्हणून कागद घेतला होता. मग डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. तू धावत येशील. ओटीवर बसून रडशील, आणि खरं रडशील, तुझा तिच्यावर जीव होता. मी तुला पोटाशी धरीन, कारण मी तुला तसंच वाढवलंय. मग तू डोळे पुसून परत जाशील आणि पुढच्या अर्जावर लिहिशील, कारणं रास्त आहेत.

ते मी होऊ देणार नाही. तुला रडून मोकळं होऊ द्यायचं नाही. गावातल्या सगळ्यांना बजावलंय, त्याला कुणी लिहायचं नाही. माझी आग कशी बाहेर काढायची ते अजून सुचलेलं नाही. पण तुझी जी लाडकी पट्टी आहे ना, एकाचे दीड दाखवणारी, तिनेच तुला मोजीन आणि तिनेच पाडीन. माझा भाऊ म्हणून तुझी गय करणार नाही. तू तरी कुठे केलीस?


२५ एप्रिल

ती. ताईस,

रागावली आहेस का? महिना झाला, पत्र नाही. खारूनेही मामाला टाकलेलं दिसतंय.

तुझी एक मदत हवी आहे. संसदेत सैन्याच्या वाढीव खर्चावर विरोधक तुटून पडणार आहेत. मंत्रीसाहेबांचं भाषण मी लिहितोय. आकडे ढीगभर आहेत, पण आकड्यांनी कुणाचं पोट भरत नाही. सभागृहाला गाव दिसलं पाहिजे, चालतं-बोलतं. गोळ्यांची ऑर्डर आल्यापासून आपल्या गावात काय काय वाढलं ते मला लिही. दुकानं, कामं, जमिनीची खरेदी, जे दिसेल ते. तुझ्यासारखं कुणी लिहीत नाही. गावाचं नाव घालणार नाही.

नाही म्हणू नकोस. हे भाषण जमलं तर मी मुख्य सचिव होईन. लहानपणी तू म्हणायचीस ना, आमचा धाकटा एक दिवस मोठ्या खुर्चीत बसेल.

तुझा,
धाकटा


३ मे

चि. धाकट्यास,

रागावून काय करू? कामात होते. तू विचारलंस ते लिहिते. एकही शब्द खोटा नाही, हवं तर येऊन ताडून बघ.

औषधांचं दुकान पूर्वी चौकात एकच होतं. आता चौकात आणि वस्तीत मिळून चार-पाच झालीत आणि सगळ्यांपुढे रांग असते. पाण्याच्या गाड्यांचा तर नवाच धंदा निघालाय. आधी फुकट मिळणाऱ्या वस्तूला लोक आता आनंदाने पैसे मोजतात. त्यात कितीतरी तरुण कामाला लागले. शाळेची इमारत दुपारनंतर ओस पडायची, ती आता रात्रंदिवस माणसांनी भरलेली असते, बाहेर ओट्यावरही जागा नसते. शेजारच्या गावांतून डॉक्टर इथं येऊन राहिलेत. इथल्याएवढं काम त्यांना कुठेच नाही.

सुताराला मान वर करायला फुरसत नाही. त्याने दोन माणसं ठेवली, तरी ऑर्डरी संपत नाहीत. मलाही घरातलं एक काम त्याच्याकडून करून घ्यायचं होतं. ओळखीखातर त्याने ते आधी दिलं, लाकूड मी घरचं दिलं. टेकडीवरची ती पडीक जमीन आठवते? तिला कुणी विचारत नव्हतं. नगरपालिकेने ती पैसे मोजून घेतली. मजूर सकाळपासून खणत असतात, आणि जागा आधी सांगून ठेवावी लागते.

खारूची काळजी करू नकोस. दवाखान्यातून ती सुटली, तिला आता कसलाच त्रास नाही. तिच्यासाठी टेकडीवर मी जागा घेतली, उन्हाच्या बाजूची. मामा आला की दाखवीन.

मंत्रीसाहेबांना म्हणावं, नुसतं भाषण कशाला, स्वतः या आणि सगळ्यांना घेऊन या. गाव दाखवायला मी आहे.

ताई


२० मे

ती. ताईस,

तुझे पाय धरतो. मंत्रीसाहेबांनी तुझ्या ओळी जशाच्या तशा वाचल्या. 'जिथे सुताराला मान वर करायला फुरसत नाही, जिथे पडीक टेकडीवर सकाळपासून कुदळी चालतात, जिथे जागा आधी सांगून ठेवावी लागते, त्या गावाला जाऊन विचारा की तोफगोळ्यांनी काय दिलं.' बाकं दणाणली. विरोधकांमधला एक म्हातारा तेवढा उठला. तो एवढंच म्हणाला, सुतार काय करतो ते सांगितलं नाहीत. सगळे हसले. मीही हसलो. सुतार काय करणार, टेबलं-खुर्च्याच ना?

मंत्रीसाहेबांना आणखी चेव आला. गाव बघायला चला, असं भर सभागृहात बोलून बसले. त्या म्हाताऱ्याला, वर्तमानपत्रवाल्यांना, आणि ज्यांच्याकडून देश कर्ज घेतो त्या परदेशी लोकांनाही. बातमीवरची बंदी त्या दिवसापुरती उठवलीय. जूनच्या पहिल्या आठवड्यात येतील.

आणि काय गं, खारूसाठी टेकडीवर जागा घेतेस, आणि मामाला उन्हाच्या बाजूपलीकडे काही सांगत नाहीस? नवरा कोण? घर बांधायला निम्मा खर्च माझा, आधीच सांगतो.

तुझा,
धाकटा


२८ मे

धाकट्या,

अवश्य या. सगळे या. तू मुद्दाम ये.

नवऱ्याचं तसं काही नाही. तिच्या जागेला फार खर्च आला नाही, तू कळ काढ. आलास की पाहशील.

ताई


१२ जून

ताई,

मंत्रीसाहेबांनी मला नेलं नाही. टाळ्या एकट्याने घ्यायच्या होत्या. गेल्या आठवड्यात परतले. मला आत बोलावलंही नाही, शिपायाच्या हाती निरोप आला, टेबल रिकामं करा.

सगळी वर्तमानपत्रं तुझ्या गावाने भरली आहेत. सुताराचं दुकान, शाळेतल्या खाटा, टेकडी. 'एकाचे दीड' हा आता रस्त्यावरचा विनोद झालाय, रिक्षावाले एकमेकांना म्हणतात. माझ्या खोलीत कुणी येत नाही. मंत्रीसाहेबांनी जाहीर केलं की सचिवाने जाणूनबुजून फसवलं. चौकशी बसेल. तुझी ऑर्डरही थांबवली. तुझ्या कारखान्यावर जगणाऱ्या घरांचा तरी विचार करायचा होतास.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्या बातमीच्या शेवटी लिहिलंय की टेकडीच्या उन्हाच्या बाजूला कारखान्याच्या मालकिणीने थडग्यावरच्या एका खुणेशी पाहुण्यांना थांबवलं, आणि ती तिच्या मुलीची होती. एप्रिलची तारीख आहे.

ताई, हे खोटं आहे ना? तू मेमध्ये मला लिहिलंस की ती सुटली. मी तिच्या नवऱ्याची चेष्टा केली, आणि तू ती वाचलीस आणि उत्तर दिलंस, कळ काढ. एवढं कोण करतं? शत्रूसुद्धा मेल्याचं कळवतो. मला तिच्या मातीलाही येऊ दिलं नाहीस.

उत्तर दे.


२० जून

धाकट्या,

उत्तर देते. खोटं नाही. खोटं मी एकदाही लिहिलं नाही. ती दवाखान्यातून सुटली, तिला त्रास नाही, जागा उन्हाची आहे. तू नवरा काढलास, घर काढलंस, ते तुझ्या डोक्यातून आलं. सुतार काय करतो ते विचारायला सबंध सभागृहात एक म्हातारा निघाला, आणि तू त्याला हसलास.

तू आला नाहीस याची मला हळहळ आहे. ही सगळी तयारी तुझ्यासाठी होती. मंत्री फुकटचा आला. त्यांना आधी सुताराकडे नेलं. मंत्र्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, काय, धंदा जोरात ना? सुतार म्हणाला, जोरात आहे साहेब, आज मुलांच्या मापाच्या करतोय. ते हसत हसत वळले आणि भिंतीशी उभ्या केलेल्या पेट्या दिसल्या. परदेशी पाहुण्यांना कुणीतरी भाषांतर करून सांगत होतं, त्याने मध्येच वही मिटली.

मग औषधवाले दाखवले, पाण्याच्या गाड्या दाखवल्या, शाळा दाखवली. मंत्री सारखे म्हणत होते, आता परत जाऊ. मी म्हटलं, साहेब, टेकडी राहिली, भाषणात आहे ती. खारूपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, हिच्या गावाने पंख्यासाठी धातू मागितला होता. तो ज्याने नाकारला त्यानेच तुमचं भाषण लिहिलं.

तो म्हातारा टोपी काढून उभा राहिला. बाकीचे लिहीत राहिले.

कामगारांचं म्हणतोस. खरं आहे, घरं अडचणीत आली. दोघा-तिघांनी मला पाहून तोंड फिरवलं, एक जण दारात थुंकून गेला. त्याचा मला राग नाही. पण तुझ्या जागी आलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी तांबं-कथील धाडलं, अर्ज न मागता. साहेब घाबरले की 'तूर्त' कुठल्या कुठे पळतो. पंखा ओतला. माझ्या उरलेल्या साचेवाल्यांनी बिनपगारी ओतला. परवा दुपारी पाणी आलं. बायका नळाशी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. इतर गावांतून पंख्यांना मागणी येतेय. सगळ्यांचे पगार निघतील असं नाही, काहींचे निघतील.

दाजींनी त्या दिवशी पट्टीची गोष्ट तुला हसवायला सांगितली नव्हती. तुला कळलं तेवढं एवढंच की पट्टी वाढीव असते. गार झाल्यावर हातात किती उरेल हे आधी बघायचं असतं, ते तू शिकला नाहीस. तापलेला धातू बघून देश मोठा झाला म्हणालास. आता गार झालाय. मोज.

समाधान झालं का, असं विचारशील. झालं. वाटलं होतं झाल्यावर रिकामं वाटेल, तसं काही नाही. तुझं नाव वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा बरं वाटलं. आजही वाटतं. एवढंच की सांगायला घरात कुणी नाही.

ताई


३० जून

ती. ताईस,

चौकशी झाली. अर्जांवरची अक्षरं माझीच आहेत असं लिहून दिलं आणि सुटलो. घर सरकारी होतं, तेही गेलं. एका मित्राच्या माडीवर राहतो.

तू लिहिलंस ते दहादा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. 'तूर्त' लिहिताना माझा हात कधी थांबला नाही, आणि पंख्याच्या अर्जावर तर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, बहिणीलाही नाही म्हणू शकतो म्हणून.

एकच मागणं आहे. मला येऊ दे. ओटीवर बसणार नाही, जेवायला थांबणार नाही, तुझ्याशी बोलणारही नाही. टेकडीवर जाऊन तिच्याजवळ थोडा बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन. दाजींची पट्टी माझ्यापाशी आहे. ती माझ्या हाताने तुझ्या हातात द्यायची आहे. तू म्हणशील त्या दिवशी येतो.

मी तिचा मामा होतो, ताई.

धाकटा


८ जुलै

पट्टी पोस्टाने पाठव. गनमेटल जेवढं आकसतं तेवढ्या मापाची ती एकच आहे आणि नवे साचे करायला घेतलेत. दोन फळ्यांमध्ये घालून नीट बांध, वाकली तर उपयोगाची राहणार नाही.

तुझा अर्ज वाचला. कारणं रास्त आहेत.

तूर्त शक्य नाही.